दोघांनी उभे राहून सांगायची गोष्ट

माझ्या टेबलाच्या खणात वजनकाट्याची एक पावती आहे. थर्मल कागदावरची छपाई काही काळाने उडून जाते, तशी तिच्यावरची अक्षरे आता जवळजवळ पुसली गेली आहेत. खिडकीपाशी नेऊन कागद थोडा तिरपा धरला, तरच भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि त्याखाली निव्वळ वजनासमोर छापलेले शून्य वाचता येते. ही पावती मला आमच्याकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या भाऊंनी दिली. ऑफिसात सगळे त्यांना भाऊच म्हणतात आणि ते आम्हा सगळ्या मुलींना ताई म्हणतात, मग वयाने कितीही लहान असो. त्या शून्यामागे एक भाषण आहे. ते अतिशय चांगले भाषण आहे आणि मी आजही ते नव्या मुलांना आवर्जून दाखवते. पण पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यातले नेमके काय घ्यायचे हे मला कळले नव्हते.

नागपुरात राहून सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या माझ्या पिढीचे बरेचसे शिक्षण अशा भाषणांवर झाले आहे. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला लागले तेव्हा माझ्या कामाचे जाणकार पुण्याला नाहीतर बंगळूरुला भेटत. तिथल्या परिषदांना जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, राहण्याचा खर्च आणि दोन दिवसांची रजा. तेवढे दर वेळी जमत नसे, म्हणून आम्ही दुपारचा डबा खाताना एकाच मोबाइलभोवती बसून परदेशातली भाषणे पाहत असू. त्या भाषणांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. ज्यांना आपले नावही माहीत नाही अशा माणसांनी आपले वर्षानुवर्षांचे काम तासाभरात उलगडून दाखवावे आणि ते कोणालाही पाहता यावे, ही आमच्या व्यवसायातली फार मोलाची रीत आहे.

ते भाषण जून २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथे, व्हेलॉसिटी नावाच्या परिषदेत झाले. बोलणारे दोघे होते, जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड. दोघेही तेव्हा फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर काम करत होते. ऑलस्पॉ सर्व्हर चालते ठेवणाऱ्यांच्या बाजूचे आणि हॅमंड कोड लिहिणाऱ्यांच्या बाजूचे. आम्ही दिवसाला दहाहून अधिक वेळा नवा कोड चालू संकेतस्थळावर चढवतो, असे त्यांनी सांगितले. ज्या काळात कितीतरी कंपन्या महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, रात्र जागून, जीव मुठीत धरून नवी आवृत्ती चढवत असत, त्या काळात हा आकडा ऐकणाऱ्याला दचकवणाराच होता. बेल्जियममधील पॅट्रिक डेब्वा यांना त्या परिषदेला जाता आले नव्हते. त्यांनी ते भाषण दुरून पडद्यावर पाहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घेंट शहरात याच विषयावर परिषद भरवली. डेव्हऑप्स, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांनी आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी मिळून काम करण्याची रीत, हा आज नोकरीच्या जाहिरातींत सर्रास दिसणारा शब्द तिथून रूढ झाला.

मी ते भाषण बऱ्याच वर्षांनी पाहिले आणि त्यातला दहाचा आकडा घेऊन सोमवारी ऑफिसात गेले. आमच्याकडे तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा रिलीज होत असे. मी चमूला पटवले, वरिष्ठांना पटवले, एका आज्ञेत कोड सर्व्हरवर जाईल अशी स्क्रिप्ट लिहिली, आणि दीड महिन्यात आम्ही रोज रिलीज करू लागलो. मला त्याचा मनापासून अभिमान वाटत होता. भाऊंना या सगळ्याची माहिती मी एका ईमेलने दिली होती. त्यांचे उत्तर आले, ‘ठीक आहे ताई.’ ते उत्तर मी संमती म्हणून वाचले.

आमच्या ग्राहकांपैकी एकाचे संत्र्याचे संकलन आणि प्रतवारीचे केंद्र आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागातून आंबिया बहाराची फळे येऊ लागली की तिथे गाड्यांची रांग लागते. गाडी भरलेली असताना एकदा आणि रिकामी झाल्यावर एकदा काट्यावर चढते, दोन्ही वजनांची वजाबाकी होते आणि निव्वळ वजनाची पावती शेतकऱ्याच्या हातात पडते. त्या पावतीवरच पुढचे पैसे ठरतात. या सगळ्याच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होत, ते आमचे. त्यात ‘वजन’ नावाचा एक कॉलम होता आणि तो नेमका कोणत्या वजनाचा, याबद्दल नव्या मुलांचा नेहमी गोंधळ होई. म्हणून मी त्याचे नाव बदलून ‘निव्वळ वजन’ केले. बदल अगदी साधा होता. आमच्या कोडमध्ये जिथे जिथे जुने नाव होते तिथे तिथे नवे घातले, चाचण्या चालवल्या, सगळ्या उत्तीर्ण झाल्या, आणि शनिवारी दुपारी तो बदल चढवून मी घरी गेले.

केंद्रावरच्या काट्याशेजारी ठेवलेल्या जुन्या संगणकात पावती छापणारा एक लहानसा प्रोग्रॅम होता. तो आमच्या कोडच्या साठ्यात नव्हता. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर बदलला तेव्हा भाऊंनी स्वतः तिथे बसून तो चालू करून दिला होता. तो सर्व्हरकडे ‘वजन’ मागत असे. शनिवारी त्याला त्या नावाचे काही मिळेना. आकडा मिळाला नाही तर थांबावे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याने शून्य धरले आणि शून्य छापले.

‘माहिती नाही’ आणि ‘शून्य’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत किती महाग पडते, हे आमच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून माहीत आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत उभे राहून सांगितले होते की, १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी काम करताना त्यांनी ‘नल’ संदर्भाची, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ असे सांगणाऱ्या खुणेची, सोय केली, कारण ती करणे फार सोपे होते, आणि तिला त्यांनी आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. आमची चूक अगदी तीच नव्हती, पण त्याच कुळातली होती. होअर यांचे ते भाषण मी पाहिलेले होते, त्यावर ऑफिसात बोललेही होते. तरीही काट्यावरच्या संगणकापर्यंत ते ज्ञान पोहोचले नव्हते, कारण तो संगणक आहे हेच मला ठाऊक नव्हते.

भाऊंना पाच वाजण्याच्या सुमारास फोन गेला. पुढचे त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण मी तिथे नव्हते. ‘ताई, पोरगा फोनवर म्हणे, भाऊ, वजन शून्य दाखवून राहिलं, लोकं चिडून राहिले. मी म्हटलं, काट्यावरचा लाल आकडा दिसते ना? मग वही काढ आणि हातानं लिही.’ काट्याच्या डिजिटल फलकावर वजन बरोबरच दिसत होते. त्यावरून तिथल्या मुलाने दोन तास दहा मिनिटे वहीत नोंदी केल्या, प्रत्येक शेतकऱ्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली, आणि दरम्यान भाऊंनी सर्व्हरवर जुने नाव पुन्हा ओळखले जाईल अशी तात्पुरती सोय केली. जुना कोड जसाच्या तसा परत आणता येत नव्हता, कारण दुपारपासूनच्या नोंदी नव्या नावाखाली साठल्या होत्या. अकरा गाड्या रांगेत होत्या. ज्याने पहाटे फळे तोडून, भाड्याची गाडी करून माल आणला, त्याच्या हातात शून्याची पावती पडली तेव्हा त्याला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

मला हे सगळे सोमवारी कळले. रात्री-अपरात्री ज्यांना फोन करायचा त्या यादीत माझा क्रमांक नव्हताच. भाऊंनी घडल्या प्रकाराची नोंद एका ओळीत केली होती आणि त्या ओळीत माझे नाव नव्हते.

त्या आठवड्यात मी ऑलस्पॉ आणि हॅमंड यांचे भाषण पुन्हा पाहिले. या वेळी लिहून घेत पाहिले. त्यात साधनांचा भाग होता, तो मला आठवत होता: सर्व्हरची मांडणी यंत्राकडून करून घेणे, सगळ्यांचा कोड एकाच साठ्यात ठेवणे, एका पायरीत रिलीज करणे, नवी सुविधा कोडमध्ये असूनही बंद ठेवता येईल असा खटका ठेवणे, आलेख दोन्ही बाजूंना सारखेच दिसतील अशी व्यवस्था करणे. पण भाषणाचा दुसरा अर्धा भाग माणसांविषयी होता. एकमेकांच्या कामाचा आदर, एकमेकांवर विश्वास, काहीतरी बिघडणारच हे धरून चालणे, आणि बिघडल्यावर दोष कोणाच्या माथी मारायचा हे शोधत न बसणे. पहिल्या वेळी हा भाग मी ऐकला होता, मानही डोलावली होती, पण तो घरी आणला नव्हता. आणि सगळ्यात ठळक गोष्ट तर पहिल्या मिनिटापासून पडद्यावर दिसत होती. व्यासपीठावर दोन माणसे होती. ज्याच्या हातून बदल होतो तो आणि ज्याला त्या बदलाचा फोन येतो तो. दोघे एकमेकांदेखत बोलत होते. एकाने काही वाढवून सांगितले असते तर ते दुसऱ्याला शेजारी उभे राहून ऐकावे लागले असते. दहाचा आकडा त्या दोघांच्या नात्यातून आलेला होता, आणि मी नाते सोडून आकडा उचलला होता.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की चमूत माणसे वाढली की आपसांत बोलण्याच्या वाटा कितीतरी वेगाने वाढतात. आमच्या नऊ जणांच्या चमूत अशा छत्तीस जोड्या होत्या. त्यातली माझी आणि भाऊंची एक जोडी ईमेलवर चालली होती, आणि काट्याचा प्रोग्रॅम नेमका त्या वाटेवर बसलेला होता.

तेव्हापासून कोणतेही भाषण पाहताना मी आधी हे पाहते की वक्त्याने सोबत कोणाला आणले आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि पडद्यावरून दोघांनी मिळून एकाच दस्तऐवजावर केलेले काम, हे सारे नव्वद मिनिटांत करून दाखवले. छायाचित्रांत ते एकटे बसलेले दिसतात. पण सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेनलो पार्कमध्ये त्यांचे सहकारी यंत्रांपाशी बसले होते, त्यांचे चेहरे प्रेक्षकांना पडद्यावर दिसत होते, आणि सभागृहात मागे बसून बिल इंग्लिश सगळी जुळवाजुळव सांभाळत होते. एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून पहिला माउस तयार करणारेही तेच. मला त्या प्रात्यक्षिकाची खरी थोरवी इथे वाटते. मिळून काम करण्याचे यंत्र दाखवायचे होते आणि ते मिळूनच दाखवले गेले.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. वारकरी कीर्तनात कीर्तनकार कधी एकटा नसतो. मागे टाळकऱ्यांची रांग असते, शेजारी मृदंग असतो, आणि तो ज्या चरणावर थांबतो तो चरण टाळकरी उचलून धरतात. आणि आमच्या विदर्भात तर गाडगेबाबा होऊन गेले. माझे आजोबा सांगत की बाबांच्या कीर्तनात निम्मे बोलणे समोरच्या माणसांचे असे. बाबा प्रश्न विचारत आणि समोरून उत्तर आल्याशिवाय पुढे जात नसत. दिवसभर हातात खराटा घेऊन जे गाव झाडले, त्याच गावाला रात्री ते प्रश्न विचारत होते, म्हणून त्या प्रश्नांना वजन होते.

मी भाऊंना म्हटले, ‘आपल्याकडे जे झाले ते आपण दोघांनी मिळून सांगू.’ ते तयार नव्हते. ‘स्टेजवर इंग्रजी मला जमत नाही ताई,’ असे ते म्हणाले. मी म्हटले की मराठीतच बोलू. सर्व्हरला सर्व्हर म्हणू, डेटाबेसला डेटाबेस म्हणू, बाकीचे रोज चहाच्या वेळी जसे बोलतो तसे. तीन शनिवार आम्ही तयारी केली. एका शनिवारी त्यांनी माझा मसुदा वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवले. मी लिहिले होते, ‘काट्यावरच्या प्रोग्रॅमची चौकशी करायची राहून गेली.’ भाऊ म्हणाले, ‘हे राहून कोणाचं गेलं?’

मी त्या प्रश्नावर बराच वेळ थांबले. आपल्या भाषेत ही सोय फार सहज हाताशी येते. राहून गेले, होऊन गेले, निसटले, लक्षात आले नाही. क्रियापद आहे, पण कर्ता कुठेच नाही. घरी पाहुण्यांशी बोलताना ती रीत सौजन्याची आहे, समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आलेली आहे, आणि मला ती आवडतेही. पण बिघाडाच्या अहवालात ती वाक्ये वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. मी ओळ खोडली आणि लिहिले, ‘ही माहिती आणखी कोण कोण वापरते, हे मी भाऊंना विचारले नाही.’ त्यावर भाऊंनी पेन घेतले आणि खाली स्वतःची ओळ लिहिली, ‘काट्यावर मी प्रोग्रॅम बसवला, हे मी कुठेही लिहून ठेवले नाही.’ दोष शोधत न बसणे म्हणजे कर्ता लपवणे, असा माझा इतके दिवस समज होता. त्या दोन ओळी एकाखाली एक पाहिल्यावर तो गेला. दोन्ही कर्ते समोर होते आणि कोणालाही शिक्षा व्हावी असे वाटत नव्हते. पुढे काय करायचे, तेही त्या दोन ओळींतून आपोआप सुचत होते.

भाषण मे महिन्यात झाले, बजाजनगरातल्या एका अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत. तीसेक जण आले होते, बहुतेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मुले. कूलरच्या आवाजात मागच्यांना ऐकू येईना, म्हणून तो बंद केला आणि सगळे तसेच उकाड्यात बसून राहिले. मी बदल का केला ते सांगितले आणि भाऊंनी त्या संध्याकाळी काय घडले ते सांगितले. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत श्रोत्यांना साधारण तीस सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत, ही गोष्ट मी भाऊंना तयारीच्या वेळी सांगितली होती. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जास्तीत जास्त तेवढे अंतर जातो, आणि ते अंतर प्रत्येकाच्या हातात पडावे म्हणून त्या तार कापून आणत. भाऊंनी ते लक्षात ठेवले होते. बोलता बोलता त्यांनी खिशातून ती पावती काढली आणि पहिल्या रांगेतल्या मुलाच्या हातात दिली. पावती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. प्रत्येक जण ती उजेडाकडे तिरपी धरून पाहत होता, आणि ज्याच्या हातात ती असे तो तेवढा वेळ आमच्याकडे पाहत नसे.

मग आम्ही तो बदल खरे तर कसा करायला हवा होता ते फळ्यावर लिहिले. आधी जुन्या कॉलमला हात न लावता शेजारी नवा कॉलम उभा करायचा. काही दिवस प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहायची. मागच्या सगळ्या नोंदी नव्याकडे उतरवून घ्यायच्या. मग वाचणारा एकेक प्रोग्रॅम नव्या नावाकडे वळवायचा, आणि जुन्या नावाने कोण अजून मागते आहे याची नोंद सर्व्हरवर ठेवायची. ती नोंद कित्येक दिवस कोरी राहिली, हंगामातला गर्दीचा आठवडाही त्यात येऊन गेला, की मगच जुना कॉलम काढायचा. यात वेळ जातो. पण प्रत्येक पायरीवरून मागे फिरता येते, आणि आपल्याला माहीत नसलेला वाचणारा शून्य छापण्याआधी त्या नोंदीत सापडतो. रोज रिलीज करण्याची हिंमत अशा लहान, परत फिरवता येणाऱ्या पायऱ्यांवर उभी असते, हे मला तेव्हा समजावून सांगता आले, कारण ते मला त्या शनिवारनंतर समजले होते.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा माझी अपेक्षा होती की सगळे मला स्क्रिप्टबद्दल विचारतील. पहिले सहा-सात प्रश्न भाऊंना आले. बिघाड झाल्यावर आधी काय पाहता, ग्राहक ओरडत असताना डोके शांत कसे ठेवता, वहीतल्या नोंदी पुन्हा सिस्टिममध्ये कोणी चढवल्या. नोंदी भाऊंनीच रविवारी बसून चढवल्या होत्या, हे मलाही तिथेच पहिल्यांदा कळले. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका मुलीने माझ्याकडे पाहून विचारले, ‘मॅडम, रिलीज तुम्ही करता, तर रात्रीचा फोन त्यांना का जातो?’ मी तिला खरे ते सांगितले, की आमच्याकडे पहिल्यापासून तसेच आहे आणि त्याला याहून चांगले कारण माझ्याजवळ नाही.

जूनपासून ती यादी बदलली आहे. महिन्यातले दोन शनिवार-रविवार फोन माझ्याकडे असतो, आणि आम्ही कोड लिहिणारे बाकीचेही पाळीपाळीने तो घेतो. काट्यावरचा प्रोग्रॅम आता आमच्याच साठ्यात आहे, आणि आकडा मिळाला नाही तर तो पावती न छापता तसे स्पष्ट सांगतो. पुढच्या भाषणाचा विषय भाऊंनी निवडला आहे. बॅकअप घेतला आहे असे सगळेच म्हणतात, पण तो परत उभा करून कोणी पाहिला आहे का, यावर त्यांना बोलायचे आहे. मसुद्याची पहिली चार पाने त्यांनी हाताने लिहून दिली आहेत आणि या वेळी शेजारी मी उभी राहणार आहे. त्याआधी संत्र्याच्या केंद्राचा बॅकअप एका रिकाम्या सर्व्हरवर उभा करून पाहायचा आहे. आंबियाची आवक सुरू होण्यापूर्वीचा रविवार आम्ही त्यासाठी राखून ठेवला आहे.